म्हशीचं पान

ताई उभ्यानंच चित्रं काढायच्या. कुणी खुर्ची पुढं केली, तर ती पायानं मागं ढकलायच्या. "आपण बसलो की चित्र बी बसतंय," म्हणायच्या आणि एक चौकट झाली की खिडकीपर्यंत जाऊन यायच्या.

शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी कॉमिकमधल्या पात्रांचे संवाद चित्रांतल्या फुग्यांत लिहायला होतो. फुटबॉलमध्ये गोल अडवणारी पेठेतली एक मुलगी ही त्यांची नायिका. चित्रं त्यांची, प्रकाशनही त्यांचंच. पुण्या-मुंबईची दुकानं नव्या अंकासाठी मागं लागायची. अंक छापून आला की आम्ही पेढे आणायचो. ताई एका हातात पेढा तसाच धरून पुढचं पान आखायला लागायच्या. झालेलं काम समाधानानं बघत बसलेल्या ताई तुम्हाला कुणाला दिसल्या असतील, तर मला जरूर सांगा.

एका पावसाळ्यात शिरोळकडं पूर आला. माणसं शाळेत आणून ठेवली होती. ताई अंकांचा गठ्ठा घेऊन तिथं गेल्या, सोबत मी. एका बाईनं भिंतीला टेकून अख्खा अंक वाचला आणि शांतपणे विचारलं, "हिच्या घरात कधी पाणी शिरत न्हाय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी ताईंनी ती मालिका थांबवली, ऐन खपात. विक्रेते चिडले. मीही समजावून पाहिलं. त्यांनी पुराचं पुस्तक काढायला घेतलं होतं, आणि ते आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त गाजलं. प्रकाशनाला पाहुणे व्यासपीठावर आणि ताई शिरोळला, त्या बाईच्या दारात.

परत आल्या त्या येरझाऱ्या घालतच. बाईला आवडलं का, मी विचारलं.

"सगळं हाय म्हणाली. माझी म्हस तेवढी न्हाय."

पाणी चढल्यावर त्या बाईनं म्हशीचं दावं सोडलं होतं. म्हैस पोहत गेली, ती पुन्हा दिसली नाही.

नव्या आवृत्तीची मागणी होती, पण ताईंनी छपाई अडवली. म्हशीचं पान काढायच्या, फाडायच्या, पुन्हा काढायच्या. न राहवून मी म्हणालो, "ताई, म्हैसच दिसतीय की."

"म्हैस दिसतीय. तिची म्हैस दिसत न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात ताई अचानक गेल्या. हृदयाचा झटका.

फाडायचं राहिलेलं शेवटचं पान आम्ही नव्या आवृत्तीत होतं तसं छापलं. शाई नाही, नुसती पेन्सिल. सगळीकडं पाणी आणि त्यातून वर आलेलं म्हशीचं डोकं. ते गावाकडं वळवावं की पुराच्या धारेकडं, हे ताईंचं ठरलं नव्हतं. दोन्हीकडच्या रेघा तशाच आहेत.