मत कुठल्या बाजूला

विधिमंडळाच्या ग्रंथालयात मी नोकरीला होते, तेव्हा एका दुपारी एक माजी आमदार आले. वय पंचाहत्तरीचं, सोबत कोणी नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घालणारं विधेयक सभागृहात आलं होतं, त्या दिवसाचं कामकाज त्यांना पाहायचं होतं.

"आमच्या गावच्या सखूबाई म्हणतात, तुमच्यामुळे माझा फॉर्म बाद झाला. अहो, मी विरोधात होतो. भाषणसुद्धा केलं होतं."

मी खंड काढून दिला. भाषण खरंच सापडलं, चांगलं खणखणीत. वाचताना ते खुलले. पुढच्या पानावर मतदानाची यादी होती. त्यांचं बोट नावांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. त्यांनी मत विधेयकाच्या बाजूने दिलं होतं.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला घरातून विरोध झाला, तेव्हा मी तिच्यासाठी भांडले असं मला पक्कं आठवतं. ती मात्र कधी तसं म्हणालेली नाही. तिला एकदा विचारायला हवं, असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं.

"या पानाची झेरॉक्स मिळेल?" त्यांनी विचारलं.

"भाषणाची ना?"

"नको, यादीची. बाईंना नेऊन दाखवतो. त्या खरं बोलत होत्या."

कागद खिशात ठेवताना त्यांचा चेहरा हलका झाला होता. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. एरवी मी कोणासाठी जागेवरून उठत नसे.