रोल नंबर दोनपासून हजेरी

नागपुरात पोरांना शिकवणारे गल्लोगल्ली सापडतील. पोरांच्या मायबापांना शिकवणारा माणूस अख्ख्या शहरात एकच होता, आणि तो आमचा घरमालक होता. वाडीत, अमरावती रोडच्या मागच्या अंगाला त्यांच्या चार टिनाच्या खोल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत आईबाबा, धाकटा भाऊ आणि मी. बाबा ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल, आई तीन घरची धुणीभांडी करायची. उन्हाळ्यात टिन इतकं तापायचं की दुपारी आम्ही ओलं पोतं अंगावर घेऊन पडायचो, आणि भरलेला ट्रक रस्त्यावरून गेला की फळीवरचे डबे वाजायचे. घरात दहावीपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं. मी बारावी होऊन सायन्स कॉलेजात नाव घातलं तेव्हा घरी आनंद झाला, पण कॉलेजात जाणाऱ्या पोरीचं घरच्यांनी नेमकं काय करायचं असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

काकाजींना होतं. घरमालकांना आम्ही सगळे भाडेकरू काकाजी म्हणायचो. ते स्वतः नववी नापास. पण मी नाव घातलं त्याच कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी परीक्षानळ्या धुण्यात काढली होती. बायको वारलेली, एकुलता मुलगा रायपूरला टायरच्या दुकानात, दिवाळीला दोन दिवस येणार आणि जाणार. रिटायर झाले तरी अंगात खाकी सदरा. चहाचा कप तीन पाण्यांनी धुवून उजेडात धरून बघितल्याशिवाय ते कोणाला देत नसत, आणि चहा मोजायचे कॉलेजच्या लिलावात घेतलेल्या काचेच्या मापाने. पाहुण्याला ऐंशी मिलिलीटर. जावई असला तर शंभर.

त्यांचा सिद्धांत एकच होता. "पोट्टे नापास नाही होत गा, घर नापास होते. म्या लॅबमधून पाह्यलं आहे." म्हणून दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्या ओसरीत पालकांचं प्रॅक्टिकल भरायचं. लिलावातलेच दोन बाक, एक जाडजूड रजिस्टर, आणि ज्यांची पोरं कॉलेजात आहेत असे आसपासचे दहाबारा आईबाप. प्रत्येकाला रोल नंबर. बाबांचा सात, आईचा आठ. उशिरा येणाऱ्याने दाराशी उभं राहायचं. एकदा बाबा पंधरा मिनिटं उभे होते आणि आई बाकावर बसून पदराआड हसत होती. हजेरी मात्र रोल नंबर दोनपासून सुरू व्हायची. एक नंबर कोणाचा, असं विचारलं की काकाजी मान वर न करता म्हणायचे, "तो येत नाही."

मग तोंडी परीक्षा. "पोरगी घरी आली. पहिला प्रश्न कोणता?"

"किती मार्क पडले?" बाबा.

"नापास! मार्क तिले माहीत आहेत. तू विचार, डब्बा कोणासंगं खाल्ला. काचेची नळी एकदम आचेवर धरली तर तडकते. हलवत हलवत गरम करा लागते." होमवर्कही असायचं: पोरीच्या एका मैत्रिणीचं नाव आणि तीन सरांची नावं पाठ करून या. आईला अक्षरओळख नव्हती, तर त्यांनी माझं टाइमटेबल रंगवून गॅसच्या वर चिकटवलं. पिवळा चौकोन म्हणजे प्रॅक्टिकल, पोरगी उशिरा येणार, काळजी करायची नाही. आई त्या कागदाला मसाल्याचा हात लागू देत नसे.

परीक्षेच्या दिवसांत तर ते गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. कन्हानहून माझे मामा-मामी पोरांसकट आले, तर त्यांना आमच्या दारापर्यंत येऊच दिलं नाही. "पोरीचा पेपर आहे. पाहुणचार माझ्याकडं." दोन तास ओसरीत बसवलं, ऐंशी-ऐंशी मिलिलीटर चहा पाजला आणि परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. मामी अजून बोलते त्यावरून.

पण काकाजींची खरी परीक्षा झाली ती माझ्या पहिल्या वर्षाच्या शेवटाशेवटाला. बाबा माल उतरवायला ट्रकवर गेले होते आणि ट्रक आमच्या कॉलेजवरून गेला. दुपारचे साडेबारा. त्यांनी वरून पाहिलं, तर मी कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर समोसा खात बसलेली, सोबत दोन पोरी, दोन पोरं.

घरी आल्यावर त्यांनी डब्याचं विचारलं नाही. "मी आठले गोदामात घुसतो तो दिवे लागल्यावर निघतो. आन् तू साडेबारालेच मोकळी? हसून राहिली होती! उद्यापासून कॉलेज बंद."

"बाबा, गॅप होता. दीडला प्रॅक्टिकल असते."

"कशाचा गॅप? कामाले गेल्यावर बसाचं असते का वं?"

त्यांचंही चूक नव्हतं. गोदामात बसलेला माणूस म्हणजे कामचोर. मुकादम तिथेच ओरडतो. आईने गॅसवरचा पिवळा चौकोन दाखवला, पण त्याच्या आधीचा रिकामा चौकोन कशाचा, ते तिलाही सांगता येईना. मी रडून रडून बॅग कोपऱ्यात फेकली. भावाने काकाजींना बोलावून आणलं. मला वाटलं आता भांडण होणार. काकाजी दारातच म्हणाले, "बंद कर ना. तुह्यी पोरगी आहे. पण काय बंद करून राहिला ते एक दिवस पाहून घे. मंग कर."

बाबांनी खाडा केला. दिवाळीचा सदरा घातला. काकाजींची खाकी कडक इस्त्रीची. गेटवरच्या चौकीदाराने त्यांना सलाम ठोकला तेव्हा बाबांनीही दचकून उलट सलाम ठोकला. दोघं सकाळभर वर्गाबाहेरच्या बाकावर बसून होते. साडेबाराला काकाजींनी बाबांना त्याच कट्ट्यावर नेलं आणि समोसा हातात दिला. कालच्यातला एक पोरगा पटकन उठला, "बसा काका." तो कोराडीहून दोन बस बदलून यायचा. बाबांनी त्याला विचारलं, "डब्बा कोणासंगं खाल्ला?" काकाजींनी समाधानाने मान हलवली.

मग लॅब. जुन्या माणसाला कोण अडवणार. दोघं दाराशी उभे. मला टायट्रेशन होतं. वरच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालच्या शंकुपात्रात रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं. माझा एक थेंब जास्त पडला आणि सगळं भडक झालं. ओतून दिलं, धुतलं, पुन्हा मांडलं.

"सांडलं तं पुन्हा पहिल्यापासून?" बाबांनी कुजबुजत विचारलं.

"पुन्हा," काकाजी म्हणाले.

"मुकादम ओरडत नाही?"

"इथं ज्याची तोच मुकादम."

दुसऱ्यांदा शेवटच्या थेंबाला मी मान वर केली, तर दारात बाबा श्वास रोखून उभे होते. रंग आला, अगदी फिका. त्यांनी श्वास सोडला तो मला टेबलापर्यंत ऐकू आला.

सुटायला साडेपाच वाजले.  वाडी नाक्यावर उतरल्यावर बाबा म्हणाले, "काकाजी, बोरा पाठीवर घेतला की वजन समजते. हे वजन दिसत नाही ना." आणि मला म्हणाले, "उद्या कितीले जायचं आहे?"

पुढच्या रविवारी गोदामातले तीन हमाल नवे रोल नंबर घ्यायला आले. बाबाच घेऊन आले होते.

मी बी.एस्सी. झाले त्या दिवशी पेढे घेऊन ओसरीत गेले, तर काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रजिस्टर उघडून रोल नंबर सात आणि आठपुढे लाल शाईने 'पास' लिहिलं, बाबांशी हात मिळवला, आईला नमस्कार केला, आणि मग मला म्हणाले, "तुह्यं तं होणारच होतं."

यंदा त्यांच्या नातवाने रायपूरला कॉलेजात नाव घातलं. मुलाचा फोन आला, "बाबा, मले हे कॉलेजचं काही समजून नाही राहिलं. तुम्ही या." काकाजींनी काचेचं माप टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरली. रजिस्टर बाबांच्या हवाली केलं. ओसरी आता फार मोठी वाटते.

ते गेल्यावर मी रजिस्टर पहिल्यांदा चाळलं. रोल नंबर एकपुढे त्यांचंच नाव होतं, आणि खाली बारीक अक्षरात: 'मुलगा दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून गेला. बाप त्याच कॉलेजात नोकरीला. कधी विचारलं नाही.' त्यापुढे प्रत्येक रविवारी, स्वतः समोर उभं राहून आमची हजेरी घेताना, त्यांनी आपल्यापुढे 'गैरहजर' लिहिलं होतं. पानंच्या पानं.

मी ते आईबाबांना वाचून दाखवलं. 

गेल्या रविवारी बाबा बाक मांडत होते तेव्हा रायपूरहून फोन आला. काकाजी ओरडूनच बोलतात, त्यामुळे सगळ्या ओसरीला ऐकू आलं. "काल नातवाचं कॉलेज पाहून आलो गा! आम्ही दोघं बापलेक. समोसा खाल्ला, पण आपल्या इथल्यासारखा नाही!"

बाबांनी फोन ठेवला, रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडे पेन मागितला. चौथीपर्यंत शिकलेला हात, वेळ लागला. रोल नंबर एकपुढे त्यांनी लिहिलं, 'हजर.' मग चष्मा सारखा करून त्यांनी हजेरी घेतली, त्या दिवशी पहिल्यांदा एकपासून.