छेल्लो भाव

माझा धंदा जुन्या मोटारींचा. रस्त्यावरच्या नव्हेत, कारखान्यातले पंप फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी. नंदेसरीच्या कारखान्यांतून जळालेल्या मोटारी उचलायच्या, त्यांत नवी तार भरायची आणि पार करजणपर्यंत विकायच्या. नव्वदनंतर कारखानदार भराभर नवी यंत्रं आणू लागले आणि जुनी माझ्या दारात येऊन पडू लागली. आमच्या घराण्यात धंदा करणारा मी पहिला. बाकी सगळे बडोद्याच्या कचेऱ्यांत खर्डेघाशी करून पेन्शनीत गेले. सासरचे लोक आपसात मला 'भंगारवाले जावई' म्हणत. ते माझ्या कानावर यायचं, आणि मी ते अजून विसरलेलो नाही.

माझ्या वडिलांकडे आमच्यासाठी एकच शब्द होता, 'नाही'. सहलीला जाऊ? नाही. नवे बूट? नाही. कारण विचारलं की खुंटीवरचा पट्टा खाली यायचा. आपल्या पोराबाळांशी असं वागायचं नाही, हे मी लग्नाआधीच ठरवलं होतं. पण मागितलं की लगेच द्यायचं, हेही माझ्याच्याने होणारं नव्हतं. आयती मिळालेली वस्तू माणूस कशी वापरतो ते मी जळालेल्या मोटारींत रोज पाहत होतो. आम्हाला एकुलती एक मुलगी. तिला वाढवताना मला जे येत होतं तेच मी घरात आणलं. मी भाव करू लागलो.

ती सात वर्षांची असताना म्हणाली, "बाबा, मला गरब्याला नऊच्या नऊ दिवस जायचंय."

"तीन."

"सात."

"चार. आणि सतरापर्यंत पाढे पाठ."

"बाबा, छेल्लो भाव बोला," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. दुकानात येणारी गुजराती गिऱ्हाइकं शेवटची किंमत विचारताना असंच म्हणत. तिने ते कधी उचललं कोण जाणे. मी इतका हसलो की पाच दिवस देऊन बसलो. पाढे मात्र एकोणीसपर्यंत नेले.

"अहो, हे घर आहे, दुकान नाही," बायको म्हणाली.

"दुकानात मी इतका खाली येत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

ती वर्षं चांगली गेली. संध्याकाळी मी हातपाय धुऊन बसलो की ती समोर मांडी घालून बसायची आणि आमची घासाघीस सुरू व्हायची. वडील मला जे कधीच बोलू देत नव्हते ते मी तिला बोलू देत होतो. त्याचा मला अभिमान होता.

ती तेरा वर्षांची असताना शाळेची पावागडला सहल निघाली. पहिल्या पाचांत नंबर आला तर जायचं, असं आमचं ठरलं. तिचा आठवा आला. तरी ती गेली. आईने परस्पर हो म्हटलं होतं, आणि मला सांगितलं की ती मावशीकडे गेली आहे. महिन्याभराने दप्तरातून सहलीचा फोटो खाली पडला. मी तो तिच्यासमोर फाडला. माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल.

"एका दिवसाची सहल ती," बायको म्हणाली. "पोरीचं इतकं काय तोलायचं?"

"न तोलता दिलं तर तिला वजन कसं कळणार?"

बायकोने देणं काही थांबवलं नाही. त्यानंतर घरात मी जकात नाका झालो. सगळा माल मागच्या वाटेने जाऊ लागला. हा माझा राग आजही आहे. मी घातलेल्या अटी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. अटी घालून का होईना, मी दिलं होतं, हे कोणाला आठवत नाही. आणि बायको वाईट झाली नाही ती नाहीच.

मुलीने मात्र माझ्याशी भाव करणं सोडलं. हवं ते आईला सांगायची. मला फक्त जेवायला हाक मारायची.

कॉम्प्युटरचं शिक्षण संपल्यावर एका दुपारी ती दुकानात आली. दोन गिऱ्हाइकं बसली होती. तिने पिशवीतून पत्र काढलं.

"बाबा, बंगलोरला नोकरी लागली. पंधरा दिवसांनी हजर व्हायचंय."

"कोयलीच्या रिफायनरीत माझी ओळख आहे. इथेच लावून देतो."

तिने पत्र माझ्यापुढे ठेवलं.

"नवी स्कूटर घे. बरं, छोटी गाडी घे."

"बाबा, मी भाव विचारायला आले नाही. सांगायला आले."

गिऱ्हाइकं खाली बघू लागली आणि माझं डोकं फिरलं. "गेलीस तर परत माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही," मी म्हणालो.

तो माझा पहिला आकडा होता. पहिला आकडा मोठाच सांगतात, समोरच्याला खाली आणायला जागा राहावी म्हणून. ती म्हणेल, निदान दिवाळीला तरी येऊ द्या. मग मी वर्षातून दोनदा आणि दर रविवारी फोन, इथपर्यंत आलो असतो. माझी सगळी तयारी होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. पत्र पिशवीत ठेवलं, गिऱ्हाइकांना "आवजो काका" म्हणाली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली. आमच्या धंद्यात 'ठीक आहे' म्हटलं की बोलणं संपतं. मागाहून कोणी शब्द फिरवत नाही. ती वळून बघेल तेव्हा हाक मारायची, असं मी ठरवलं. ती रस्ता ओलांडून रिक्षात बसली.

सात वर्षं गेली. तिचं लग्न तिकडेच झालं. बायको एकटी जाऊन आली. मला त्या दिवशी नंदेसरीत सौदा होता, असं मी सांगितलं. पुढे नात झाली. रविवारी फोन वाजला की मी उचलायचो आणि न बोलता बायकोच्या हातात द्यायचो.

एका रविवारी बायको भाजी आणायला गेली होती.

"आई?"

"बाहेर गेलीय." मी फोन ठेवला नाही. "दिवाळीला ये. छोटीला घेऊन ये."

ती म्हणाली, "किती दिवस येऊ?"

मला आठ दिवस हवे होते. त्यासाठी पंधरा मागायला हवे होते. पण मी स्वतःला बजावलं, आता पुरे.

"तू म्हणशील तितके."

"दोन."

"बरं."

ती थांबली. लाइन तुटली की काय असं मला वाटलं. मग हळूच म्हणाली, "बरं, बाबा."

ती आली. माझ्या घरात मीच पाहुण्यासारखा वावरत होतो. नातीने दुसरी जिलबी मागितली तेव्हा मी पुडाच तिच्यापुढे ठेवला.

"अरे वा. एका मागण्यात?" मुलगी म्हणाली. हसली, आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिली.

दोन दिवसांनी आम्ही स्टेशनवर उभे होतो. नात माझं बोट धरून म्हणाली, "आजोबा, आईची सुट्टी सोमवारपर्यंत आहे. मग आम्ही आत्ताच का चाललो?"

"गप्प बस गं," मुलगी म्हणाली.

सोमवारला अजून चार दिवस होते. मी तिच्याकडे पाहिलं. "मग दोन का म्हणालीस?"

तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "मला वाटलं, तुम्ही वाढवाल."

तेवढ्यात गाडी आली. सामान चढवायचं होतं, छोटीला उचलून द्यायचं होतं. गाडी हलल्यावर मी 'चार' म्हणालो. मग 'सहा' म्हणालो. ती खिडकीत छोटीचा हात धरून हलवत होती.

"काय म्हणालात?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.