बस्यूनीच्या रणगाड्याचं झाकण

बाकोसच्या ट्राम स्टॉपसमोर रुश्दीचं चष्म्यांचं दुकान आहे. दुकानात आता मुलगी बसते आणि रुश्दी मागच्या खोलीत रणगाडे बनवतो. खेळणी म्हणाल तर उठून निघून जाईल, सांगून ठेवतो. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा रणगाडा, पण बोल्टन्‌बोल्ट जागच्या जागी. जपानहून खोका येतो, त्यात प्लास्टिकचे शेकडो तुकडे. ते कापा, घासा, चिकटवा, रंगवा. आणि एवढं झकास रंगवून झालं की त्याच्यावर धूळ, गंज आणि तेलाचे डाग चढवत महिनाभर बसा. त्याची बायको इन्शिराह कपाळाला हात लावायची. "मी जन्मभर या घरातली धूळ पुसतेय आणि हा बाबा ब्रशने लावतोय!"

रुश्दीने सगळ्यांचे रणगाडे केले. अलामीनच्या लढाईतले इंग्रजांचे केले, जर्मनांचे केले, इटलीवाल्यांचेसुद्धा केले. पण ज्यात तो स्वतः बसला होता, त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरच्या लढाईत, कालव्यापलीकडे सिनाईत, तो मात्र कधी केला नाही. खोका कपाटावर पडून होता. विचारलं तर म्हणायचा, "रंग मिळत नाही." आता सांगा! वाळूचा रंग तो, आणि हा माणूस राहतो इजिप्तमध्ये.

खरी अडचण झाकणाची होती.

त्या रणगाड्यात चौघं होते. वर फिरत्या घुमटात लेफ्टनंट, नेम धरणारा रुश्दी आणि गोळे भरणारा शहाता. खाली पुढच्या बाजूला, डावीकडे, एकटा बसायचा चालक बस्यूनी. त्याच्या डोक्यावर त्याचं वेगळं झाकण. गोळा घुमटावर बसला, लेफ्टनंट जागीच गेला. शहाताने वरून उडी मारली, त्याच्या मागोमाग रुश्दीने. दोघं खड्ड्यात पडले. रुश्दीने एकदा, एकदाच, मागे वळून पाहिलं. नुसता धूर. मग मागे हटण्याचा हुकूम आला आणि ती जागा शत्रूच्या हातात गेली. पुढे युद्ध थांबल्यावर माणसं गेली तेव्हा तिथे रणगाडाही नव्हता आणि बस्यूनीही नव्हता.

सरकारने चार वर्षांनी कागद दिला, शहीद म्हणून. बस्यूनीची बायको फौकिया दमनहूरला राहायची, लग्नाला सहा महिने झाले होते. तिने कागद घेतला, पेन्शन घेतली, पोटाला लागतंच. पण काळे कपडे घातले नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही. केस पांढरे झाले तरी "ते येतील तेव्हा" असंच बोलायची. लढाईनंतर रुश्दी जखमी होऊन इस्पितळात पडला होता, तेव्हा ती त्याला भेटायला आली होती. एकच प्रश्न विचारला. "त्यांचं झाकण उघडं होतं का?" उघडं असेल तर बाहेर पडला, कुठे धरला गेला, कुठे भरकटला, कोण जाणे, पण बाहेर पडला. बंद असेल तर आतच राहिला. रुश्दी म्हणाला, "धूर होता, दिसलं नाही." आणि हे खोटं नव्हतं. खरंही होतं की नाही, हे त्याला त्या दिवसापासून कळत नव्हतं.

या ऑक्टोबरात असे रणगाडे बनवणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. क्लबचे प्रमुख उस्ताद सर्वत, निवृत्त मास्तर, त्यांनी फर्मान काढलं की यंदा टेबलावर आपल्या फौजेचेच रणगाडे. आणि इन्शिराहने, तिच्या जिभेला हाड नाही, ईदचा फोन करता करता फौकियाला सांगून टाकलं, "रुश्दी या वेळी तुमचाच रणगाडा करतोय हो!"

तिकडून फौकिया म्हणाली, "मी येणार. ते कुठे बसायचे ते बघायचंय मला. आणि रुश्दीला सांग, झाकण होतं तसंच लाव."

झालं. रुश्दीच्या तोंडचं पाणी पळालं.

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. खोका खाली आला. चाकं, पट्टे, तोफ, सगळं भराभर झालं; हातांना सवय आहे. मग रुश्दी झाकणाचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून बसून राहिला. खोक्यातल्या कागदावर दोन चित्रं असतात, एकात झाकण बंद, एकात उघडं, आणि खाली लिहिलेलं की हवं ते निवडा. हवं ते! डोळे मिटले की त्याला काळा गोल खड्डा दिसायचा, म्हणजे उघडं. परत मिटले की झाकणावर साठलेली वाळू दिसायची, म्हणजे बंद. पण ती वाळू सकाळची असेल तर? आणि तो खड्डा आपल्याच घुमटाचा असेल तर?

त्याने शहाताला फोन लावला. शहाता मिन्याला असतो, कानाने कमी ऐकतो आणि त्याची भरपाई ओरडून करतो.

"उघडं होतं! माझ्या या डोळ्यांनी बघितलं!"

"नक्की ना?"

"मग काय थापा मारतोय? चष्मा विकून विकून तुझीच नजर गेली, गाढवा!"

रुश्दीचा जीव भांड्यात पडला. दोन दिवसांनी शहाताचाच फोन. आवाज खाली आलेला. "अरे, ते... माझ्या डोक्यात बहुतेक दुसरा रणगाडा होता. आपल्या शेजारचा. आपलं बंद असेल. किंवा उघडं. तू काय बघितलंस?"

"मी तुला विचारतोय ना, शहाणपणाच्या पोत्या!"

दोघं थोडं भांडले. मग शहाताने विचारलं, पोरं कशी आहेत, आणि फोन ठेवला.

उस्ताद सर्वत येऊन बघून गेले. त्यांना त्यांचंच. "उघडं ठेवायचं तर आत माणूस दिसला पाहिजे, रुश्दी. रिकामं भोक ठेवलंस तर लोक हसतील, आत पोकळ प्लास्टिक दिसतं. एक तर माणूस बसव, नाहीतर बंद कर." क्लबचा हा जुना नियमच आहे. पण माणूस कसा बसवणार? बाहेर पडला म्हणून उघडं, तर आत कोण? रुश्दीचं डोकं पार भणाणून गेलं.

इन्शिराह चहा घेऊन आली. "उघडंच लाव रे. बिचारीला तेवढाच आधार." दाराशी पोचली आणि परत फिरली. "नको. बंदच कर. या आधारानेच तिच्या आयुष्याचं मातेरं केलं." आणि मग रडायलाच लागली. "मला नको विचारूस बाबा."

"मी विचारलंच नव्हतं," रुश्दी म्हणाला.

शेवटी त्याने झाकण चिकटवलंच नाही. नुसतं टेकवून ठेवलं, आणि प्रदर्शनाला जाताना डिंकाची बाटली खिशात टाकली. का टाकली, विचारू नका. त्यालाही माहीत नव्हतं.

कल्चर पॅलेसच्या हॉलमध्ये गर्दी होती. पोरं टेबलांना चिकटत होती आणि सर्वत "हात लावू नका, लांबून बघा" करत घसा कोरडा करून घेत होते. फौकिया आली ती पुतण्याचा हात धरून. हिरवा झगा, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सरळ रुश्दीच्या टेबलाशी आली.

"हाच?"

"हाच, हाज्जा." वयस्क बाईला मानाने हाज्जा म्हणतात.

"एवढासा?" मग हसली. "ते आत मावायचे कसे? खांदे काय होते त्यांचे!"

"चिडायचा. गुडघे आपटायचे त्याचे. शिव्या द्यायचा आम्हाला, की वर हवा खाताय लेको."

"द्यायचेच," फौकिया खुशीत म्हणाली. "मलाही द्यायचे." तिने चष्मा सावरला आणि वाकली. "कुठे बसायचे?"

रुश्दीने बोट दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. झाकण अर्धवट टेकलेलं होतं, ना धड उघडं, ना धड बंद.

"हे असं होतं?"

रुश्दीला वाटलं, आता काहीतरी एक बोलून टाकावं. कुठलंही एक. तोंड उघडलं, पण त्यातून दोन्ही एकदम यायला बघत होतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "देवाशपथ माहीत नाही, हाज्जा. तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही. एक दिवस उघडं दिसतं, एक दिवस बंद. शहातालाही माहीत नाही. मी आठवून आठवून वेडा व्हायची पाळी आली. मला माफ कर."

तिने माफबिफ काही केलं नाही. रागावलीही नाही. तिने बोट पुढे केलं. सर्वत "अहो, हात..." म्हणत धावले, आणि तिचा चेहरा बघून जागीच थांबले. तिने नखाने ते झाकण हळूच ढकललं. ते आपल्या जागी बसलं.

"चिकटव," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं बंद होतं ते?"

"मला कुठे कळलंय? भावा, मी दमले रे. दार वाजलं की अजून उठते. आता गुडघे साथ देत नाहीत."

रुश्दीने बाटली काढली. बारीक ब्रशचं टोक झाकणाच्या कडेला टेकवलं की हा पातळ डिंक आपोआप फटीतून गोल फिरतो. फिरला. हात एवढासाही हलला नाही त्याचा, मात्र डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायला तिसरा हात नव्हता.

फौकियाने दोन्ही तळवे समोर उघडले आणि फातिहा म्हणायला लागली, मेलेल्या माणसासाठी म्हणतात तशी. इतकी वर्षं तिने हे स्वतःही केलं नव्हतं आणि घरात दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. पुतण्या तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने तळवे उघडले, सर्वतनी उघडले, आजूबाजूच्या चार अनोळखी माणसांनी उघडले. रुश्दीही पुटपुटत होता, पण मध्येच शब्द चुकला, कारण त्याच वेळी त्याला परत तो काळा गोल खड्डा दिसला होता.

ते तिला कसं कळलं, कोण जाणे. तळवे चेहऱ्यावरून फिरवून ती त्याच्याजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "आणि हे बघ, रुश्दी. उद्यापरवा तुला नक्की आठवलं ना, की उघडं होतं, तर मला फोन करू नकोस."