मामांच्या राणीचा आवाज

आमच्या ह्यांच्या मामांइतका चारशे वर्षं मागे राहिलेला माणूस लंडनच्या अख्ख्या एजवेअरमध्ये शोधून सापडणार नाही. जन्मभर कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून इंग्रजांच्या घशांत डोकावले, पण जीव सगळा अडकलेला तो जुन्या इंग्रजी नाटकांतल्या पोरांमध्ये. त्या काळी तिथे बायका रंगमंचावर येत नसत. राण्या, नायिका, दाया, सगळं आवाज न फुटलेले मुलगेच करायचे. ही माहिती मामा कुणालाही, कुठेही देत. एकदा सुपरमार्केटच्या रांगेत त्यांनी ती गल्ल्यावरच्या बाईंना इतकी सविस्तर दिली की बाईंनी मॅनेजरला बोलावलं. बारशाला गेले तरी पाळण्यातलं बाळ रडताना डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "मुलगा ना? दहा वर्षांनी माझ्याकडे पाठवा."

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तसलं एक नाटक, अगदी त्याच पद्धतीनं, मुलांकडून करून घ्यायचं हे त्यांचं स्वप्न. कमिटी दरवर्षी त्यांना गोड बोलून वाटेला लावायची. शेवटी नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाल्यावर आरती आणि जेवण यांच्यामधली चाळीस मिनिटं त्यांच्या पदरात पडली, तीही "पडलं तर पुन्हा नाव काढायचं नाही" या अटीवर. मामांनी स्वतः मराठीत उतरवलेलं नाटक काढलं, म्हातारा राजा स्वतःकडे ठेवला आणि राणी माझ्या बारा वर्षांच्या रोहनला दिली. मंडळातल्या मुली भडकल्या. "अंकल, दॅट्स सो अनफेअर! आम्ही ॲक्चुअली मुली आहोत!" मामा म्हणाले, "म्हणूनच. तुम्हाला मुलगी होण्यात कष्ट ते काय?" त्यांना सैनिक केलं. त्या रागानं अशा लढल्या की पहिल्याच तालमीत दोन भाले मोडले.

अख्खं नाटक कुणालाच मिळालं नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला फक्त स्वतःची वाक्यं आणि आधीच्याचे शेवटचे तीन शब्द, कागदाच्या गुंडाळीवर, मामांच्या डॉक्टरी अक्षरात. ते अक्षर लागायचं फक्त केमिस्टकडे काम करणाऱ्या एका वहिनींना. सगळ्या आया त्यांच्या दारात गुंडाळ्या घेऊन उभ्या. एका सैनिकाची वाक्यं वाचून झाल्यावर वहिनींनी सवयीनं "जेवणानंतर" असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय.

रोहनच्या आवाजाचा मात्र मामांनी धसका घेतला होता. पूर्वी पोरांचे आवाज उशिरा फुटायचे, हल्ली लवकर फुटतात ते चीजमुळे, असा त्यांचा सिद्धांत. एवढा शिकलेला माणूस! माझ्या फ्रिजमधलं चीज त्यांनी जप्त करून नेलं आणि घरी बसून खाल्लं. शिवाय रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन हजर. "आ कर. अजून." रोहन कुरकुरायचा, "मामाआजोबा, प्लीज, माझी आवाज फाइन आहे!" मग मामा माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगायचे, "अजून सहा आठवडे तरी टिकेल, सूनबाई."

एकदा मी चिडले. "अहो मामा, फुटला तर फुटला! आभाळ कोसळणार आहे का?"

त्यांनी टॉर्च विझवला. "फुटल्यावर त्या पोरांचं काय झालं, ते मी आयुष्यभर शोधतोय गं. काही मोठे नट झाले. बाकीच्यांची नावं कागदांत चार वर्षं दिसतात, मग दिसत नाहीत."

सहा आठवडे कसले! बरोबर तीन आठवड्यांनी, भरलेल्या हॉलमध्ये, माझी पैठणी नेसून आणि मुकुट घालून रोहन उभा राहिला, आणि खरं सांगते, पोटच्या पोराला मी ओळखलं नाही. राणी राजाचा निरोप घेत होती. कुठे खुर्ची वाजत नव्हती. "मला विसरू..." इथवर आला आणि आवाज धाडकन खाली घसरला, थेट बाप्यासारखा. हॉलभर हशा उसळला. पोर लालबुंद, तोंड उघडं, शब्द नाही. कमिटीचे सेक्रेटरी उठून जेवणाच्या टेबलांकडे निघाले.

मामा शांतपणे पुढे आले. रोहनच्या डोक्यावरचा मुकुट काढून त्यांनी स्वतःच्या टकलावर ठेवला, राजाची शाल त्याच्या खांद्यांवर घातली आणि सत्तरीच्या चिरक्या आवाजात राणीचं वाक्य पुरं केलं, "मला विसरू नका." लोक आणखीच हसले. आता राजाची पाळी, आणि रोहनच्या गुंडाळीत राजा नव्हताच. पण पोरानं तालमीत ऐकून ऐकून तोही पाठ केला होता. त्या नव्या, आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "जा राणी. मी थकलोय, पण आठवण ठेवण्याइतका दम अजून आहे माझ्यात."

हसू थांबलं. मामा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. पुढचं वाक्य ते साफ विसरले, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. सेक्रेटरी हातात ताटली घेऊन तिथेच उभे होते.

पुढच्या वर्षी कमिटीनं आपणहून एक तास दिला. मामा आता ग्लासगोला मुलीकडे राहतात, फोन केला की आधी रोहनला मागतात आणि त्याचं घोगरं "हॅलो" ऐकून म्हणतात, "बोला, राजे." ऐकून मला बरं वाटतं. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. इतके दिवस त्या आवाजाची एवढी राखण केली, पण तो टेप करून ठेवावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या मुलाचा लहानपणचा आवाज मी शेवटचा ऐकला तो त्या हॉलमध्ये, अर्ध्या वाक्यापर्यंत.