सही येईपर्यंत

आपत्ती कक्षातल्या हेडक्लार्कला सगळे कलमकाका म्हणायचे. कुणी शिंकलं तरी हे कुठलं कलम लागू होतं ते सांगतील, अशी चेष्टा चालायची. चेष्टा करणाऱ्यांनी जुना पूर कुठे पाहिला होता! तेव्हा कायदा नव्हता. पोलीस, अग्निशमनवाले, होडीवाले, सगळे एकाच वस्तीकडे धावले आणि पलीकडची वस्ती बुडाली. एक ना धड, भाराभर चिंध्या. मग राज्याचा कायदा आला. आपत्ती जाहीर झाली की सगळी सूत्रं एका कक्षाकडे, आणि जाहीरनाम्यावर साहेबांची सही झाल्याशिवाय एकही होडी हलवायची नाही. अपवाद एकच. जीव धोक्यात असेल, तर कक्षात हजर असलेल्या माणसाला सहीसाठी न थांबता होडी सोडता येते.

काकांनी हा अपवाद दोनदा वापरला होता. एकदा तर कुणा अनोळखी म्हातारीसाठी. साहेब चिडले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "साहेब, कलम अकरा वाचा." साहेबांनी वाचलं आणि विषय मिटवला.

त्या दिवशी सकाळी दहाला काकांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. महिन्यापूर्वीच तिचा पाय मोडला होता.

"दादा, पाणी घरात शिरलंय रे. हे कामावर गेलेत. मला खाटेवरून उतरता येत नाही."

होडीवाला दारातच उभा होता. "काका, सोडा ना मला. दहा मिनिटांत पोचतो."

साहेब अजून रस्त्यात होते, त्यांचा फोन लागत नव्हता. होडी सोडायचा कागद समोर होता, पेन खिशाला होतं. पण कक्षातल्या सहा जणांनी ते बोलणं ऐकलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं उद्या हेच म्हणतील, हे त्या सरळ माणसाच्या डोक्यात शिरलं ते निघेचना.

"सही येऊ दे," काका म्हणाले.

साहेब चाळीस मिनिटांनी आले. आल्या आल्या सही केली, होडी सुटली. बहीण पोटमाळ्याच्या शिडीपाशी बुडालेली सापडली. तसल्या पायाने ती दोन पायऱ्या चढली होती.

चौकशीत काका निर्दोष ठरले. सगळं नियमाप्रमाणे झालं, असं अहवालात आलं. जळो ते निर्दोषपण! काकांनी अहवाल वाचला, घडी घालून फाइलला लावला आणि कामाला बसले. त्यानंतर कुणी त्यांची चेष्टा केली नाही.

महिनाभराने मेहुणे घरी आले. समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही.

"दादा, एकच विचारतो. तिथे दुसऱ्या कुणाची बहीण असती, तर?"

काकांनी आपला कप खाली ठेवला. खोटं बोलणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

"लगेच सोडली असती होडी," ते म्हणाले.