मालकांना इचारते

“थांब बाबा, मालकांना इचारते,” असं म्हणून अक्का फोन गुळाच्या ढेपेवर ठेवत आणि पुढच्या गिऱ्हाइकाची साखर जोखायला लागत.

मुलांनो, परवा तुम्ही विचारलंत, आजी, ते फसवणुकीचे फोन तुला येतात का? येतात, आणि मी ते ठेवून देते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते शेजारच्या अक्कांचं. इथे युसूफ वडगावात आपल्या घराला लागून त्यांचं किराणा दुकान होतं. लिमलेटच्या गोळ्या आठवत असतील तर अक्काही आठवतील.

मालक म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटची दोन वर्षं अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती, तरी रोज दुकानात येऊन लाकडी पेटीवर बसत. हातात पावकिलोचं वजन असे. अक्का काही विचारत आणि ते वजनाने पेटीवर ठोकत. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तूर आत्ता भरावी का, सिरसाळ्याच्या लग्नाला जावं का, सगळं असंच ठरे. ते गेल्यावर पेटी जागेवर राहिली, वजन पेटीवर राहिलं आणि अक्कांची विचारायची सवयही राहिली.

फोनवाल्यांना ते काय माहीत! कुणी अनाथ मुलांसाठी वर्गणी मागे, कुणी बँकेचा साहेब होऊन खातं बंद पडेल म्हणून धमकावी. अक्का त्यांना थांबवत, साखर जोखत, पुडी बांधत आणि मग फोन उचलून सांगत, “न्हाई म्हणतेत.”

“मग त्यांनाच द्या फोन,” असं एकजण चिडून म्हणाला.

“ते मळ्यात बसलेत की.”

यात काही खोटं नव्हतं. अक्का लिंगायत, त्यांच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, मातीत बसवतात. एकदा कुणीतरी यजमानांच्या अस्थी काशीला नेण्याचा खर्च मागू लागला. अक्का म्हणाल्या, “अस्थी कावून न्यायच्या? आमचे अख्खे हायेत.” पलीकडच्याने फोन ठेवला आणि दुकानातली गिऱ्हाइकं कितीतरी वेळ हसत होती. मीही हसले.

मग एका दुपारी मी शेंगदाणे आणायला गेले होते. दुकानात आम्ही दोघीच. एका मुलीचा फोन आला. कपिलधारच्या यात्रेकरूंना जेवण घालायचं म्हणून पैसे हवे होते. आवाज गोड होता. अक्कांनी नेहमीप्रमाणे तिला थांबवलं आणि माझे शेंगदाणे जोखले. फोन उचलून त्या “न्हाई” म्हणणार, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “मावशी, तुमच्याकडे मागे कुणीतरी दोनदा ठोकलं. दाराशी कुणी आलंय का?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच ऐकलं नव्हतं. पेटीवरचं वजन पेटीवरच होतं, त्याच्या अंगावर धूळ होती.

फोनमध्ये कसले कसले आवाज मिसळतात हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तिला ऐकू येतंय बाई, मंग मला कावून येत न्हाई?”

त्या दिवसापासून गंमत संपली. अक्का अनोळखी फोनांची वाट पाहू लागल्या. उचलला की आधी विचारत, “काही वाजायलंय का हिकडं?” बहुतेक जण शिवी देऊन ठेवत. दोघांनी मात्र सांगितलं, वाजतंय.

त्यांना विचारायचं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा पुण्याला होता आणि दुकान बंद करून त्यांना घेऊन जायच्या मागे लागला होता. अक्कांची साखर वाढलेली, पाय सुजलेले; त्याचंही चुकत नव्हतं. पण मळ्यात मालकांच्या शेजारी अक्कांची जागा राखलेली होती. “पुण्यात मेले तर कुठं बसवतील मला, बाई?” त्या विचारत. मुलाला हो म्हणवत नव्हतं, नाहीही म्हणवत नव्हतं. मालकांना विचारल्याशिवाय त्यांनी कधी काही ठरवलंच नव्हतं.

शेवटी एका बँकवाल्याचा फोन आला. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय म्हणाला, मराठी अगदी पुस्तकी. फोनवर आलेला आकडा वाचून दाखवा, नाहीतर खातं गोठेल. त्या खात्यात अक्कांचं सगळं होतं. फोनचा आवाज त्या नेहमी मोठा ठेवत, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

“देते साहेब. आधी मी एक इचारते. किती येळा वाजलं तेवढं सांगा.” मग फोन पेटीवर ठेवून त्या मोठ्याने म्हणाल्या, “मालक, पुण्याला जाऊ का मी?”

माझा हात पेटीच्या कडेवर होता. लाकूड गप्प होतं.

“एक,” पलीकडून आवाज आला. “दोन.” जरा वेळाने, “तीन. मॅडम, हे थांबत नाहीये.” आणि मग तो आवाजच बदलला. मुंबई गळून पडली. “कोण हाय बे तिथं? कोण ठोकायलंय? आरं, दार उघडा की त्याला!”

फोन बंद झाला. आकडा त्याने पुन्हा मागितलाच नाही.

अक्कांनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मालक लई घाबरलेत. एकटे हायेत ना.”

संध्याकाळी त्यांनी मुलाला कळवलं, येत नाही. तो माझ्यावर चिडला. “बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी समजवायचं.” अक्कांनी अनोळखी फोन घेणं त्या दिवसापासून सोडलं.

पौषात त्या झोपेतच गेल्या. मळ्यात मालकांच्या शेजारी खड्डा घेतला. खड्ड्याच्या बाजूला बसवण्यापुरता कोनाडा कोरताना पहार एकदम आत गेली. “पोकळ हाय हिकडं,” खणणारा म्हणाला आणि वर आला. दोन्ही जागांमधली माती हातभर ढासळली होती, पलीकडे काळोख होता. मुलगा म्हणाला, विटा लावून बुजवू. विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी नकारार्थी मान हलवली. “राहू द्या.”

अक्कांना बसवलं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. बेल वाहायला मुलगा खाली उतरला, तेव्हा त्या भोकाच्या बाजूला किंचित कलल्या. त्याने खांदे धरून त्यांना सरळ केलं. त्या पुन्हा कलल्या. त्याने पुन्हा सरळ केलं, आणि हात काढताच त्या पुन्हा तिकडेच कलल्या. या वेळी त्याने त्यांना तसंच राहू दिलं. मग त्याने त्यांचा पदर नीट केला आणि वर यायला हात पुढे केला.